मानेचं ऑपरेशन झालं आणि जुनी डोकेदुखीही गेली: ही सुधारणा खरी का, आणि टिकेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६३ वर्षांचे, शेती करतात. हाताला मुंग्या आणि चालताना तोल जाणं यासाठी दोन महिन्यांपूर्वी मानेचं ऑपरेशन झालं. चौथ्या ते सहाव्या मणक्यांमधल्या दोन गाद्या काढून मज्जारज्जूवरचा (मेंदूपासून मणक्यांच्या नळीतून खाली जाणाऱ्या तंतूंच्या जाड दोरीवरचा) दाब मोकळा केला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, 'आहे त्यापेक्षा बिघडू नये एवढ्यासाठी हे ऑपरेशन.' पण बोटं तर सुधारलीच, शिवाय वीस वर्षांची डोकेदुखी जवळजवळ गेली, पोटऱ्यांतली ओढ गेली, रात्री लघवीला चार-पाच वेळा उठायचे ते आता एकदाच उठतात, बीपीही कमी भरतं. हे खरं आहे की मनाचं समाधान? टिकेल का? आईलाही मानदुखी-डोकेदुखी आहे, तिचंही करून घ्यावं का?

सुधारणा खरी आहे. पण ती सगळी एकाच कारणानं झालेली नाही आणि सगळी सारखी टिकणारही नाही, म्हणून एकेक तक्रार वेगळी घेतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच देऊन ठेवतो: नुसत्या डोकेदुखीसाठी आईंच्या मानेचं ऑपरेशन करू नका.

मानेत मज्जारज्जू हळूहळू दबत जातो तेव्हा मान दुखेलच असं नाही. बऱ्याच जणांची मान अजिबात दुखत नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत, पायजम्याची नाडी सुटत नाही, भात कालवताना घास नीट बांधला जात नाही, चालताना चप्पल पायातून निसटते आणि निसटलेली कळतही नाही. बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो. ही लक्षणं घरचे कधीच मानेच्या खात्यात टाकत नाहीत. चप्पल निसटते ती शुगरमुळे, लघवीची घाई प्रोस्टेटमुळे, पाय ओढतात ते गुडघ्यांमुळे आणि बाकी सगळं वयामुळे. दाखवायला येताना रुग्ण फक्त 'हाताला मुंग्या येतात' एवढंच सांगतो. मग दाब निघाला की ज्या तक्रारी सांगितल्याच नव्हत्या त्याही कमी होतात आणि घरात आश्चर्य वाटतं. माझ्या अनुभवात 'अनपेक्षित' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सुधारणांपैकी बहुतेक याच प्रकारच्या असतात. मूळ दुखणं एकच होतं, पण त्याची बिलं चार वेगवेगळ्या अवयवांच्या नावावर फाडली जात होती.

वडिलांच्या पोटऱ्यांचं आणि लघवीचं तसंच आहे. मेंदूकडून पाय आणि मूत्राशय यांच्यासाठी निघालेले तंतू मानेतूनच खाली जातात. मानेत दाब आला की पाय ताठरतात, पोटऱ्यांत ओढ लागते, रात्री गोळे येतात आणि काहींना तर कंबर आणि मांड्याच दुखतात. कमरेचा एमआरआय काढला की या वयात तिथेही काहीतरी झीज सापडतेच, मग उपचार कमरेवर होत राहतात. मानेचं ऑपरेशन झाल्यावर कमरेचं किंवा पायाचं दुखणं गेल्याचे रुग्ण आम्हा मणक्याच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. मान आणि कंबर दोन्ही ठिकाणी मणक्यांतली नळी अरुंद झालेली असते तेव्हा आधी मान करण्याचा रिवाज आहे. त्यामागे मज्जारज्जूचा धोका हे मुख्य कारण आहेच, पण मान केल्यावर कधीकधी कमरेचं ऑपरेशन टळतं हेही आहे.

लघवीबद्दल थोडा हात राखून बोलतो. घाईघाईने लागणं आणि वारंवार उठणं कमी होतं, पण हाताच्या आणि चालण्याच्या सुधारणेइतका त्याचा भरवसा देता येत नाही. वडिलांचं आता चांगलं चाललंय म्हणून प्रोस्टेटची तपासणी ठरली असेल तर ती टाळू नका. या वयात दोन्ही कारणं एकाच माणसात सुखेनैव नांदतात.

बोटांचं सुधारणं मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं, कारण ते मोजता येतं. मी ऑपरेशनच्या आधी केसपेपरवरच रुग्णाला दोन ओळी लिहायला लावतो, तारखेसह. एका निवृत्त शिक्षकांची सही बँकेत जुळत नव्हती. मुलानं ते म्हातारपणाचं मानून अंगठ्यावर व्यवहार सुरू केला होता. ऑपरेशनआधीच्या त्यांच्या दोन ओळींत शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर तुटलेली होती, काही अक्षरांना नुसताच ओरखडा. तीन महिन्यांनी त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात त्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हा रेघ शब्दभर सलग आली होती, थोडी उतरती, पण सलग. असा कागद समोर असला की मनाचं समाधान की खरं, हा वाद उरत नाही. घरी करण्यासारखी दुसरी चाचणी म्हणजे दहा सेकंदांत मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायची आणि किती वेळा जमलं ते मोजायचं. निरोगी हात वीस किंवा जास्त वेळा करतो, मज्जारज्जू दबलेला हात बराच अडखळतो. दर महिन्याला एकदा मोजा आणि वहीत लिहा.

दाब निघाल्यावर आत काय होतं तेही समजून घ्या, म्हणजे किती दिवस वाट बघायची ते कळेल. काही तंतू जिवंत असतात, पण दाबामुळे आणि रक्त कमी पोचल्यामुळे त्यांच्यातून संदेश जाणं थांबलेलं असतं. ते सगळ्यात आधी जागे होतात, कधी काही तासांत, कधी काही दिवसांत. भूल उतरल्यावर 'हात हलका वाटतो' म्हणणारे रुग्ण याच गटातले. काही तंतूंचं वरचं आवरण झिजलेलं असतं. ते पुन्हा तयार व्हायला आठवडे-महिने लागतात. आणि जे तंतू मेले ते मज्जारज्जूत पुन्हा उगवत नाहीत. तिथे शेजारचे तंतू काम वाटून घेतात, मेंदू नवे रस्ते वापरायला शिकतो, आणि या शिकण्याला फिजिओथेरपीची मोठी मदत होते. मज्जारज्जूतून बाहेर पडलेल्या नसेची गोष्ट वेगळी. ती वाढू शकते, पण साधारण दिवसाला एक मिलिमीटर या वेगानं. मानेपासून पंजापर्यंतचं अंतर मोजलंत तर दीड-दोन वर्षं का सांगतात ते लक्षात येईल.

म्हणून मज्जारज्जूच्या बाबतीत बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, वर्षापर्यंत थोडी चालू राहते आणि काहींना त्यानंतरही थोडी भर पडते. तुमचे दोनच महिने झालेत. आज जे परत आलंय तो शेवट नाही.

मग डॉक्टरांनी आधी एवढं कमी का सांगितलं? त्यांच्यावर राग धरू नका. आमच्या पिढीला शिकवलंच असं होतं की हे ऑपरेशन बिघाड थांबवण्यासाठी, गेलेलं परत आणण्यासाठी नाही. २०१३ साली उत्तर अमेरिकेतल्या १२ केंद्रांवरच्या २७८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजार सौम्य असो की तीव्र, वर्षभरानंतर सरासरी सुधारणाच दिसली. तेव्हापासून आम्ही थोडे मोकळेपणानं आशा देऊ लागलो. पण सरासरी म्हणजे तुमचे वडील नव्हेत. तक्रारी किती महिने अंगावर काढल्या, आजार किती पुढे गेला होता, वय काय, सिगारेट आहे का, यावर खूप काही ठरतं. कुणाला किती परत मिळेल हे ऑपरेशनआधी छातीठोकपणे सांगणारा डॉक्टर मला स्वतःला नको वाटेल.

आता डोकेदुखी. इथे मी सावध आहे. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस यांचे संदेश मज्जारज्जूच्या अगदी वरच्या भागात एकत्र येतात, त्यामुळे मानेतलं दुखणं कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवू शकतं हे पक्कं आहे. पण वडिलांचं ऑपरेशन त्याच्या बरंच खाली, चौथ्या ते सहाव्या मणक्यांत झालं. तरी अशा रुग्णांची डोकेदुखी कमी होते. कृत्रिम गादी बसवणं आणि मणके जोडणं यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांमध्ये दोन्ही गटांची डोकेदुखी दोन वर्षांनंतरही कमीच राहिली होती. स्नायूंचा ताण उतरतो म्हणून, गादीतल्या बारीक नसा शांत होतात म्हणून, की अनेक वर्षांनी झोप लागते म्हणून, हे अजून ठामपणे सुटलेलं नाही. चक्कर कमी होण्याचंही तसंच. मानेच्या खोल स्नायूंतून डोक्याच्या स्थितीची खबर मेंदूला सतत जात असते. ती खबर चुकीची जात असेल तर तोल बिघडतो, ती सुधारली तर सावरतो. हे पटण्यासारखं आहे, पण चक्करेची दुसरी कारणं इतकी जास्त आहेत की नुसत्या चक्करेसाठी मी कुणाच्या मानेला हात लावणार नाही.

वेदनेच्या बाबतीत मनाचा वाटा किती मोठा असतो याचा आमच्याच क्षेत्रातला धडा २००९ चा आहे. ठिसूळपणामुळे चेपलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराची दोन चाचण्यांमध्ये तपासणी झाली. अर्ध्या रुग्णांना सुई टोचून सगळा देखावा केला, पण सिमेंट भरलंच नाही. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. म्हणून नुसतं 'दुखायचं थांबलं' यावर मी फार मोठा निष्कर्ष काढत नाही. पण मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारल्यावर अंगठा आपोआप आत वळायचा, तो वळायचा थांबला, किंवा पाय ओढत चालणारा माणूस सरळ रेषेत टाच-चवडा चालू लागला, तर तिथे मनाच्या समाधानाला फारशी जागा नसते.

बीपीकडे तर वेगळ्याच नजरेनं बघा. मज्जारज्जूवरचा दाब निघाल्यावर बीपी उतरल्याच्या नोंदी आहेत, पण त्या थोड्या रुग्णांच्या आहेत. त्याआधी साधी कारणं शोधा. वडील वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या घेत होते का? डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या बीपी वाढवतात, आणि ऑपरेशननंतर त्या बंद झाल्या असतील तर बीपी उतरणारच. दुखणं कमी, झोप पुरेशी, शेतातली धावपळ बंद, यानंही उतरतं. कारण कुठलंही असो, बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. रोज ठरावीक वेळी पाच मिनिटं शांत बसवून मोजा, दोन आठवड्यांची नोंद घेऊन फिजिशियनकडे जा. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मात्र दोन आठवडे थांबू नका.

सुधारणेचं श्रेय ऑपरेशनऐवजी दुसऱ्याच कशाचं आहे का, हे बघताना आणखी तीन गोष्टी मी नेहमी विचारतो. पहिली, ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉइड दिलं होतं का? त्यानं काही दिवस सगळंच झकास वाटतं आणि मग उतरतं. तुमचे दोन महिने झालेत, त्यामुळे तो प्रश्न मिटला. दुसरी, नसांच्या दुखण्यासाठीची प्रीगॅबालिनसारखी गोळी बंद झाली का? तिच्यानंच अनेकांना गरगरतं आणि तोल जातो. तिसरी आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची, बी-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, बी-१२ फार कमी भरतं. त्याच्या कमतरतेनंही मज्जारज्जूच बिघडतो आणि लक्षणं जवळजवळ हीच: मुंग्या, तोल जाणं, अंधारात चालता न येणं. ऑपरेशननंतर अनेकांना बी-१२ ची इंजेक्शनं मिळतात. वडिलांची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, कारण सुधारणेतला काही वाटा त्या इंजेक्शनांचा असेल तर ती मध्येच सोडून चालणार नाही. पुढे कधी दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना बी-१२ कमी असल्याचं आवर्जून सांगा. भुलेतला नायट्रस ऑक्साइड हा वायू असलेलं बी-१२ सुद्धा निकामी करतो.

मला स्वतःला थक्क करणारी सुधारणा मात्र झिजलेल्या मानेत क्वचित दिसते. ती दिसते मणक्याच्या टीबीत. १७७९ साली लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी पाठीला बाक येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आणि पू वाहू दिल्यावर काहींचे पाय परत आल्याचंही लिहून ठेवलं. औषधं आल्यावर हाँगकाँगचे सर्जन हॉजसन यांनी पुढच्या बाजूनं मणक्यापर्यंत जाऊन सगळा रोग काढण्याचा मार्ग घेतला. आपल्याकडे वाराणसीच्या डॉ. तुली यांनी मधला मार्ग दाखवला: आधी औषधं आणि विश्रांती, सुधारणा नसेल किंवा बिघाड होत असेल तरच ऑपरेशन. त्यांच्या रुग्णांपैकी कित्येकांचे पाय ऑपरेशनशिवाय परत आले. टीबीचा पू हळूहळू साचतो, दाब मऊ असतो, मज्जारज्जू तो बराच काळ सोसतो. त्यामुळे दोन्ही पाय पूर्ण गेलेला, 'अंगावरून वारं गेलं' म्हणून घरी ठेवलेला तरुण मुलगा पू काढल्यावर काही आठवड्यांत अंगठा हलवतो आणि पुढे चालत ओपीडीत येतो. अशी सुधारणा झाली की घरचे टीबीची औषधं सोडतात, ही मोठी घोडचूक. पाय परत आले म्हणजे जंतू गेले असं नाही. कोर्स पूर्ण करायचाच.

दुसरं उदाहरण मुंबईचं. केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे पहिले दोन मणके पट्टी आणि स्क्रूंनी जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. त्या सांध्यात हालचाल थांबली की अनेकांचे हातपाय लवकर सुधारतात. यावरून एक गोष्ट कळली, की मज्जारज्जूला नुसता दाब नव्हे, पुन्हा पुन्हा बसणारे बारीक धक्केही मारतात. याच विचारानं इतर आजारांतही तो सांधा जोडावा असं डॉ. गोयल यांचं म्हणणं आहे. त्यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत.

अमेरिकेत लुइव्हिल विद्यापीठाच्या गटानं दोन्ही पाय पूर्ण लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मज्जारज्जूवर विजेचे हलके झटके देणारं उपकरण बसवलं आणि २०११ साली तो अनुभव प्रसिद्ध केला. तो उभा राहू शकतो का, हे बघायचं होतं. सात महिन्यांनी उपकरण चालू असताना तो स्वतःच्या इच्छेनं पाय हलवू लागला आणि लघवीवरचा ताबाही सुधारला. असे उपचार अजून प्रामुख्यानं संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. तुमच्या वडिलांना त्याची गरज नाही. मेले असं वाटणारे काही तंतू नुसते गप्प असू शकतात, एवढं मात्र त्यातून कळलं.

पुढच्या काही महिन्यांत काय दिसेल ते सांगून ठेवतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. बधिर बोटांत संवेदना परत येताना आधी जळजळ किंवा टोचणी वाढते. पुन्हा एमआरआय काढला तर दाबामुळे मज्जारज्जूत पडलेला पांढरा डाग तसाच दिसू शकतो, हात सुधारला असला तरी. रिपोर्ट वाचून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. डागापेक्षा बटणांवर विश्वास ठेवा. थंडीत आणि थकल्यावर पाय पुन्हा थोडे ताठरतील. पण आलेली ताकद पुन्हा जाऊ लागली, चालणं आठवड्यागणिक बिघडू लागलं, ताप येऊन जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा लघवी तुंबली, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. गळपट्टा किती दिवस आणि नांगर, पाटी, मोटारसायकल कधीपासून, हे ऑपरेशन केलेल्या सर्जननंच सांगायचं, कारण हाड कितपत जुळलं ते त्यांना एक्स-रेवर दिसतं.

आणि आता आई. त्यांना चिमट्यात सुई धरता येते का, पोळी लाटताना लाटणं हातात नीट फिरतं का, चप्पल निसटते का, अंधारात भिंत धरून चालावं लागतं का, हे बघा. यातलं काही असेल तर मणक्याच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि गरज पडली तर एमआरआय करा. काहीच नसेल, नुसती मान आणि डोकं दुखत असेल, तर डोळ्यांचा नंबर, बीपी, बी-१२, हिमोग्लोबिन आणि मायग्रेन या क्रमानं शोध घ्या. आठवड्यातून किती दिवस दुखण्याची गोळी घेतात तेही मोजा, कारण रोजच्या गोळीनंच रोजची डोकेदुखी टिकून राहते असे रुग्ण रोज येतात. मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून तीन महिने करा. एमआरआयमध्ये 'गादी सरकलीय' असं लिहून येईलच. पन्नाशीनंतर ते बहुतेकांच्या रिपोर्टवर असतं आणि तेवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही.